टाळ घेतलेले पाद्री

शरणपूर रोड म्हटले, की बाजाराला नाशिकला गेलेल्या शेतकऱ्याला दुकाने, दवाखाने आणि बँका आठवतात. पण ज्या शरणपुरावरून या रस्त्याला नाव पडले ते एक खेडे होते, ख्रिस्ती खेडे. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम प्राइस यांनी ते शहराबाहेर वसवले. अनाथ मुलांना तेथे सुतारकाम, लोहारकाम शिकवीत आणि शेती करवून घेत. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलेसुद्धा येथे वाढली. त्यांतली बरीच १८७० च्या दशकात परत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाजवळ जाऊन राहिली. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शरण आलेल्यांचे खेडे वेगळे वसवायचे, ही त्या काळची रीत होती. माणसाने धर्म बदलला की त्याचा पाणवठा तुटे, भाऊबंद तुटत, न्हावी-परीट तुटत. मग त्याला कोठेतरी आसरा द्यावाच लागे. या रीतीत दया होती, पण एक गोष्ट आपोआप ठरून जाई : ख्रिस्ती माणूस म्हणजे गावाबाहेरचा माणूस. त्याचे नाव बदले, पोशाख बदले, देवळातल्या गाण्याची चालही साहेबाची येई.

याच नाशकात संस्कृत शिकलेल्या एका ब्राह्मण माणसाने पुढे ख्रिस्ती होऊन याच्या उलट विचार केला. देव मी बदलला असेन, पण माझी भाषा, माझे अभंग, माझा टाळ मी का सोडावा, असे त्यांनी विचारले आणि जन्मभर तसेच वागून दाखवले. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो, हे लोकमान्य नव्हेत. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले आणि एकाच काळातले, एवढेच. आपल्यापैकी पुष्कळांनी यांची कविता शाळेत पाठ केलेली आहे. पारध्याने जखमी केलेली पक्षीण आपल्या पिलांसाठी तळमळते, ती ‘केवढे हे क्रौर्य’ याच टिळकांची. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ते पाद्री होते हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते.

मी शेतीखात्यातला माणूस. खते, बियाणे आणि फवारणी यांवर लिहिणाऱ्याने पाद्र्यावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण पुढे येईलच.

टिळकांचा जन्म १८६१ चा, दापोलीच्या बाजूच्या करजगावचा. वडील कडक स्वभावाचे, आई मायाळू. आई गेली तेव्हा पोरगा अकरा-बारा वर्षांचा होता. तो घर सोडून पायी नाशिकला आला. येथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. लग्नही नाशिकजवळचेच झाले. गोदाकाठच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी केली. तिचे सासरचे नाव लक्ष्मी. टिळकांचा पाय मात्र कधी एका जागी ठरला नाही. कोठे शाळामास्तर हो, कोठे कीर्तन कर, कोठे मासिक काढ, आणि एक दिवस घरात न सांगताच निघून जा, असे चाले. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले, नंतर राजनांदगाव संस्थानात नोकरी धरली.

राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा गृहस्थ भेटला. कवितेच्या गप्पा झाल्या, धर्माच्या झाल्या, आणि उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. हे १८९३ च्या सुमाराचे. टिळक आधीपासूनच अस्वस्थ होते. जातिभेद, विधवांचे हाल, देशाची पडती दशा यांचा विचार त्यांच्या डोक्यात सारखा चालू असे. नव्या करारातले डोंगरावरचे प्रवचन वाचले आणि पुस्तक खाली ठेववेना. दोन वर्षे मनाशी झगडून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहिले. तेथील थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवू लागले आणि १९०४ मध्ये रीतसर पाद्री झाले. पुढे मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी केले. १८४२ साली सुरू झालेले ते पत्र.

आता माझ्या शेतीकडे येतो. १९६४ साली सीएसएच १ ही संकरित ज्वारी आली. आमच्या खात्यातले जुने लोक सांगत, की उतारा पाहून शेतकऱ्याचे डोळे विस्फारले. पण दाणे भरताना पावसात सापडली की ती काळी पडे, आणि भाकरी मालदांडीसारखी होत नसे. भाकरी थापणाऱ्या बायांनी तिला मनापासून आपली म्हटले नाही. बियाणे चांगले होते आणि पोत्यांनी पिकत होते, पण परीक्षा शेवटी तव्यावर होती. नवी गोष्ट खेड्यात रुजवायची तर ती लोकांच्या तोंडाला रुचली पाहिजे, हे आम्ही लोक नोकरीत राहून ठेचा खात शिकतो. टिळकांना हे कोणी न शिकवता कळले होते.

त्यांच्या लक्षात आले, की नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत जे लोक ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग समाजाचे, शेतात राबणारे. रविवारी प्रार्थनेला बसले की त्यांना इंग्रजी चालीवर बसवलेली गीते म्हणावी लागत. शब्द मराठी, पण चाल अशी की ना टाळी धरता येई ना मान डोलावता येई. तेच लोक रात्री चावडीपाशी एकतारी ऐकली तर तासनतास बसत. मग टिळकांनी अभंग लिहायला घेतले. ओव्या, पदे, आरतीच्या वळणाची गीते लिहिली. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटले, गुरू म्हटले, सखा म्हटले. वारकऱ्याच्या कानाला हे शब्द परके नव्हते आणि बाप्तिस्मा घेतलेल्या माणसालाही ते परके उरले नाहीत. त्यांचे ‘अभंगांजली’ पुस्तक आहे. शिवाय मराठी चर्चमध्ये वापरतात त्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही टिळकांची गाणी मोठ्या संख्येने आहेत.

कीर्तनाची वाट त्यांच्या आधीच कोणी पाडली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नगरचे कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. पूर्वरंग, उत्तररंग, मागे टाळकरी, सगळे रीतीप्रमाणे. टिळकांनी त्या कीर्तनाला कवीची वाणी दिली.

आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे टिळक सांगत. या एका गोष्टीमुळे त्यांच्यावर दोन्हीकडून टीका झाली. जुन्या मंडळींना ते बाटलेले वाटले आणि काही मिशनवाल्यांना ते पुरते ख्रिस्ती वाटले नाहीत. माझे मत विचाराल तर त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. आपल्या आजीच्या ओव्या ज्याच्या अंगात भिनल्या आहेत तो माणूस देवाशी बोलताना दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलणार?

आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. अभंग हे साऱ्यांचे, असे आपण सहज म्हणतो. पण चोखोबांना पंढरपुरात देवळाबाहेर उभे राहावे लागले, आणि विठ्ठलाचे ते दार सर्वांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. म्हणजे टिळक लिहीत होते त्या काळात, ज्या माणसांसाठी ते लिहीत होते त्यांना टाळ ऐकू येत होता, पण देवळात उभे राहून तो वाजवता येत नव्हता. टिळकांच्या गाण्यांनी तो टाळ त्यांच्या हातात, त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनाघरात दिला. खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती वस्त्यांनी ती गाणी एवढी उचलली त्यात काव्यगुणाइतकाच याचाही भाग असला पाहिजे.

टिळकांबद्दल बोलताना लक्ष्मीबाईंना बाजूला ठेवले तर लेख अर्धा राहील. खरे तर टिळकांनी जे गाण्यांत सांगितले ते या बाईने चुलीपाशी पारखून घेतले.

त्यांचा जन्म १८६८ चा. माहेरी वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड. बाजारातून जिन्नस आला की धुतल्याशिवाय घरात जायचा नाही, इतका शिवाशिवीचा धाक. अशा घरातली मुलगी, नीट लिहिता-वाचता न येणारी. आणि एक दिवस बातमी आली, की नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला! त्या काळी याचा अर्थ काय, हे आजच्या पोरींना सांगूनही कळणार नाही. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. पदरात लहान मुलगा. चारेक वर्षे त्या नातलगांच्या आधाराने, काही काळ पंढरपुरात, अशा राहिल्या. टिळकांनी पत्रे लिहिली, विनवण्या केल्या, पण धर्म बदल म्हणून अट घातली नाही.

पुढे त्या नगरला आल्या त्याही स्वतःचे सोवळे घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका घरात दोन धर्म आणि दोन चुली. टिळकांनी ते चालू दिले. येथे मला हा माणूस सर्वांत मोठा वाटतो. कीर्तनात हजार लोकांना डोलायला लावणे सोपे आहे. स्वतःच्या बायकोला तिच्या वेळेने विचार करू देणे आपल्यापैकी किती जणांना जमते? शेतीत साधा ठिबकचा निर्णय घेताना आपण घरातल्या बाईला विचारीत नाही.

लक्ष्मीबाईंनी विचार केला तो त्यांच्या पद्धतीने, पोथीपुराणातून नव्हे. देवाने माणसे केली तेव्हा जाती केल्या का? पशुपक्ष्यांसारख्या वेगवेगळ्या योनी करता आल्या असत्या, मग माणूस माणसासारखाच का? असे मनात घोळत घोळत एक दिवस उत्तर ठरले, आणि जे ठरले ते त्यांनी लगेच आचरणात आणले. कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. आधी शिवाशीव गेली आणि धर्म नंतर बदलला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

संसाराची ओढाताण मात्र धर्म बदलून संपली नाही. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. दारात कोणी आले की देऊन मोकळे. अनाथ मुले घरात आणून ठेवीत, पाहुण्यांची रीघ असे, आणि पगार महिन्याच्या आत उडे. देवभक्ताचे कौतुक करताना आपण नेहमी एक विसरतो, की त्याच्या दानधर्माचे पीठ कोणीतरी दळीत असते. लक्ष्मीबाईंनी हे सारे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. रडगाणे नाही, नवऱ्यावर राग नाही, आणि उगाच गोडवेही नाहीत. हसत हसत वाचता आणि मध्येच घसा दाटून येतो. गावच्या वाचनालयात हे पुस्तक नसेल तर ग्रामपंचायतीच्या मागे लागून मागवा. घरातल्या लेकीसुनांना आधी द्या.

या घरात एक पोर वाढले त्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. त्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाने कविता म्हटली आणि लोक थक्क झाले. त्याला ‘बालकवी’ ही पदवी तेथेच मिळाली. ब्राह्मण घरातला हा मुलगा पुढे टिळकांच्या ख्रिस्ती घरी नगरला राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याचे हट्ट पुरवले, रुसवे काढले. त्याने धर्म बदलला नाही आणि कोणी बदलायला सांगितलाही नाही. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीच्या अपघातात तो गेला तेव्हा या घरातलेच मूल गेल्यासारखे झाले. तीस वर्षांचेही आयुष्य त्याला लाभले नाही. पण त्याच्या श्रावणाची कविता आठवल्याशिवाय आपला खरीप अजूनही सरत नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी आणखी एक पाऊल टाकले. मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले, भगवी कफनी घातली आणि ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचा घाट घातला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्याला ख्रिस्त प्रिय त्या सर्वांनी तेथे एकत्र बसावे, अशी कल्पना. पाद्री आणि भगव्या कफनीत, हे पाहून कोणी हसले, कोणी चिडले. मला विचाराल तर ही कल्पना फार पुढची होती, आणि तिला खांदा देणारी माणसे त्यांच्यापाशी नव्हती. वेळही उरला नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला, आणि रक्षा नगरला नेऊन ठेवली.

येशूचे चरित्र ओवीबद्ध लिहायला टिळकांनी घेतले होते. ‘ख्रिस्तायन’ हे त्याचे नाव. दहा-साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ग्रंथ ७६ अध्यायांचा झाला. ज्या बाईला नवऱ्याने घरी बसून अक्षरे शिकवली तिने नवऱ्याचे अर्धवट शेत पेरून, राखून, खळ्यावर आणले! १९३६ साली त्या नाशिकला वारल्या. ग्रंथ छापून आला तो १९३८ मध्ये, त्यांच्यामागे.

आता आजचे सांगतो. आपल्याकडे नाशिक-नगरच्या खेड्यांत ख्रिस्ती वस्त्या आहेत, हे काही नवीन नाही. सुगीनंतर चर्चमध्ये हंगामाचा सण होतो. ज्याच्या शेतात जे पिकले ते तो आणतो. बाजरीचे पायली-दोन पायली, भोपळा, कांद्याची पाटी, एखादी कोंबडी. मग त्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. बोली लावायला इतर धर्मांचे शेजारीही बसतात, आणि कोंबडीवरून चढाओढ चांगलीच रंगते. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. लोक पायी जातात, नवस फेडतात. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते, तेथेही रांगेत सगळ्या धर्मांचे भाविक दिसतात. पाळणे, खेळणी, भेळ, गोडीशेव. यात्रा ती यात्राच.

सारे सुरळीत आहे असे मात्र मी म्हणणार नाही. एक गाठ कागदोपत्री आहे. अनुसूचित जातींच्या सवलती १९५० च्या आदेशाने हिंदूंना मिळाल्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या नाहीत. एकाच भावकीतली दोन घरे, जमीन तितकीच, गरिबी तितकीच. पण एकाचा मुलगा सवलतीत बसतो, दुसऱ्याचा बसत नाही. योजनांचे अर्ज भरून घेताना आम्हाला हे वारंवार दिसते. त्याचे उत्तर टिळकांच्या अभंगांत सापडणार नाही, ते दिल्लीत शोधावे लागेल. दुसरी गाठ मनातली आहे. धर्म बदलला की माणूस परका झाला, ही समजूत टिळकांना शंभर वर्षांपूर्वी खुपली होती. आजही एखाद्या गावात मिरवणुकीच्या वाटेवरून, नाही तर दफनभूमीच्या जागेवरून ती वर डोके काढते.

मागे राहुरीच्या बाजूला एका वस्तीवर कांदाचाळीची पाहणी करायला गेलो होतो. काम संपता संपता दिवस मावळला. चर्चच्या पत्र्याच्या शेडात भजनाची तयारी चालली होती. टाळ पितळेचे, जुने, वापरून गुळगुळीत झालेले. म्हातारे पंच टाळांच्या दोऱ्या बांधीत होते. मी विचारले, “मृदंग कोण वाजवतो?” ते म्हणाले, “साहेब, टाळकरी आमचेच. मृदंगवाला मात्र वरच्या आळीतल्या विठ्ठल मंदिरातनं येतो. आमच्या पोरांना अजून तेवढा हात नाही.”

“आणि त्यांचा सप्ताह असला म्हणजे?”

“मग आम्ही आमचं भजन आठ दिवस पुढं ढकलतो,” ते म्हणाले, आणि टाळ हातावर घेऊन दोरीची गाठ पाहू लागले.